शून्यसाहेब

शून्यसाहेबांनी चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि स्टुलावर ताठ बसून पिशवीची नळी तोंडात धरली. सुरुवातीचा श्वास बाहेर सोडून द्यायचा आणि फुप्फुसाच्या तळाशी उरतो तेवढाच पिशवीत भरायचा, हे त्यांना आता झोपेतही जमलं असतं. आज मात्र पिशवी अर्धी भरली आणि त्यांना धाप लागली. ते थांबले. बायकोकडे त्यांनी चोरून पाहिलं. मोठ्या बाई यंत्रापाशी वाकल्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मग राहिलेली पिशवी त्यांनी दुसऱ्या श्वासात उरकली आणि पिशवीच्या तोंडाची चकती फिरवून बंद केली.

"घ्या बाईसाहेब. ताजं शून्य."

"चूळ नीट भरलीत?"

"दोनदा. पण तुझी ही नळी बदल एकदा. लोखंडाची चव लागते."

"अहो, प्लास्टिकची आहे ती. लोखंड कुठून येणार?"

"मग माझ्याच तोंडात आलं असेल. चहालासुद्धा तीच चव लागते हल्ली."

"चहा तुम्हीच करता," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात लांब करून पिशवी घेतली.

पलीकडच्या टेबलावर धाकट्या बाई हसल्या. प्रयोगशाळेत दोघीच बाया, त्यामुळे एक मोठी आणि एक धाकटी अशी वाटणी फार पूर्वीच होऊन गेली होती. धाकट्या बाईंचंही वय चाळिशीकडे झुकलं होतं, पण नाव पडलं ते पडलं.

आता या शून्याचं काय ते सांगून टाकलेलं बरं. नाहीतर एका शास्त्रज्ञ बाईने नवऱ्याला शून्य म्हणावं, यावरून कुणाचाही भलताच समज व्हायचा.

मोठ्या बाईंनी उभं आयुष्य एका रेणूवर काढलं. अमोनिया. नाकाला झोंबणारा, कुणी कौतुकाने नाव घेऊ नये असा वायू. रेणूंवर प्रकाश सोडायचा आणि त्यांनी त्यातला नेमका कोणता रंग गिळला ते बघायचं, हा त्यांचा धंदा. प्रत्येक रेणू आपापले ठरलेले रंग गिळतो आणि कागदावर तेवढ्याच जागी रेघा उमटतात. अमोनियाची गंमत अशी की वाऱ्यात छत्री उलटावी तसा तो सारखा उलटासुलटा होत असतो, आणि म्हणून त्याची रेघ कधी एकटी येत नाही. जोडीने येते. या जोड्या शोधण्यात बाईंची तरुणपणची वर्षं गेली. नणंदा-जावा विचारायच्या, याचा उपयोग काय गं? बाई म्हणायच्या, काही नाही. आणि खरोखरच काही नव्हता.

मग उपयोग निघाला. मूत्रपिंडं थकली की शरीरातली घाण पुरती बाहेर पडत नाही, आणि अमोनिया श्वासातून डोकवायला लागतो. सुई नको, रक्त नको, माणसाने नुसतं फुंकलं की कळावं, असं यंत्र बाईंनी उभं केलं. अडचण एकच होती. श्वास म्हणजे मोठी दमट भानगड. पाण्याच्या वाफेच्या रेघा, कार्बन डायऑक्साइडच्या रेघा, आणि त्या गर्दीत अमोनियाची बिचारी जोडी चेंगरून जायची. बाईंनी तोड काढली. एका निरोगी माणसाचाही श्वास घ्यायचा आणि तो रुग्णाच्या श्वासातून वजा करायचा. वाफ वाफेत गेली, बाकीचं बाकीच्यात गेलं. मागे उरेल तेवढा आजार. रोज वेगळा निरोगी माणूस आणलात तर तुमचं शून्यच डळमळेल, असं कुणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, माणूस बदलायचाच नाही. ही पद्धत पुढे बाईंच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्याच सुमारास यजमान निवृत्त झाले. पाणीखात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. घरी बसल्यावर त्यांना काही सुचेना. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले, मग रुंदीप्रमाणे लावले, मग बाईंना मीठ सापडेनासं झालं. वैतागून बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि पिशवी फुंकायला लावली. तोवर जेवढ्यांचे श्वास तपासले होते त्यात यांचा सगळ्यांत स्वच्छ निघाला. अमोनियाचा मागमूस नाही.

"म्हणजे मी पास?" त्यांनी विचारलं होतं.

"पास काय, तुम्ही शून्य."

"चाळीस वर्षं खात्यातल्या लोकांना जे सांगता आलं नाही, ते तू एका फुंकरीत सांगितलंस!"

तेव्हापासून ते शून्यसाहेब. पगार नाही, रजा नाही. पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, नोकरीवर असताना सुद्धा इतके वेळेवर आले नसतील. पाळायच्या म्हणून बाईंनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या त्यांनी शब्दशः पाळल्या. धाकट्या बाईंना ते सांगायचे, मी तुमच्या मोठ्या बाईंकडे नोकरीला आहे, जरा माझ्याकडेही बघत जा.

त्या सकाळी शून्यसाहेब घरी गेले आणि थोड्या वेळाने इस्पितळातून फोन आला. किडनीचे डॉक्टर होते. त्यांच्या रुग्णांवर एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि प्रत्येकाची श्वासाची पिशवी नियमाने बाईंकडे यायची.

"बाई, तुमचं यंत्र जरा जास्तच आशावादी आहे."

"यंत्राला आशा नसते, डॉक्टर."

"मग कुणाला आहे? माझ्या रुग्णांचं रक्त होतं तिथेच आहे. काहींचं बिघडलंय. आणि तुमच्या कागदावर सगळ्यांचा अमोनिया उतरतोय."

"रक्ताला उशिरा कळतं. श्वासाला आधी कळतं. हेच तर मी सांगतेय."

"वर्ष होऊन गेलं की. आणखी किती उशीर?"

"तुमची सुई तपासून घ्या एकदा."

"सुई नाही हो चुकत, बाई. पुढच्या आठवड्यात समितीपुढे मला विचारतील. मी काय सांगू? हे यंत्र गावोगावच्या दवाखान्यात जाणार. ते म्हणालं सुधारतोय, तर माणूस औषध सोडून घरी बसेल."

बाईंनी फोन ठेवला तो आपटलाच म्हणायचा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात समितीने मान डोलावली तर यंत्र बाहेर जाणार होतं, आणि बाई निवृत्त झाल्या तरी ही खोली चालू राहणार होती. नाही डोलावली तर बाईंबरोबर खोलीही बंद, आणि धाकट्या बाईंनी दुसरं दार शोधायचं. सबंध आयुष्य याचा उपयोग काय हे ऐकण्यात गेलेलं, आणि आता उपयोग हाताशी आला तर हा डॉक्टर मोडता घालतोय. त्यांना रडू आलं असतं, पण रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या टेबल पुसायला लागल्या.

"बाई," धाकट्या बाई हळूच म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक दाखवू?"

"रागावणार आहे. दाखव."

"डॉक्टर मागे एकदा असंच म्हणाले होते, तेव्हापासून डोक्यात होतं. काल मी प्रोग्रॅममधली ती ओळ काढून टाकली. शून्याच्या खाली आकडा गेला तर शून्यच लिही, अशी आहे ना, ती."

ती ओळ मोठ्या बाईंनीच घालायला लावली होती. एखादी वस्तू नसेल तर नसेल. नसण्यापेक्षा कमी काय असणार? असं काही दिसलं तर तो यंत्राचा थरकाप, तो कागदावर कशाला हवा? त्यांचं तेव्हाचं म्हणणं कुणालाही पटलं असतं.

"ओळ काढली आणि माझाच श्वास घातला. शून्यसाहेबांचा वजा केला. हे बघा."

पडद्यावर रेघ वर उठायच्याऐवजी खाली गेली होती. आणि तीही जोडीने.

"वा!" मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्या अंगात नसण्यापेक्षाही कमी अमोनिया आहे. मोठाच शोध लावलास."

"माझ्याच नाही. वॉचमनकाकांच्या. ग्रंथालयातल्या मॅडमच्या. खाली कॉपी काढतो त्याच्या. जो हाती लागला त्याला फुंकायला लावलं. सगळ्यांची खालीच जाते."

"भिंतीला धरून बसला असेल." बाई लगेच उठल्या. अमोनिया चिकट वायू. नळीच्या, काचेच्या भिंतींना धरून बसतो आणि नको तेव्हा सुटतो. यासाठी नळ्या गरम ठेवायच्या, कोरड्या नायट्रोजनने धुवायच्या. दोघींनी तेच केलं. नळी बदलली. सांधे उघडून पुसले. दुपारचं जेवण राहूनच गेलं. पुन्हा धाकट्या बाईंनी फुंकलं, पुन्हा जोडी खाली गेली.

मग मोठ्या बाईंनी सकाळची पिशवी घेतली. शून्यसाहेबांची. तळाशी थोडा श्वास उरला होता.

"कशातून वजा करू?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"कशातूनच नको. नुसताच घाल."

"पाण्याचीच गर्दी दिसेल, बाई."

"दिसू दे."

गर्दीच दिसली. एकमेकींवर चढलेल्या रेघा, दुसऱ्या कुणाला त्यात काडीचा अर्थ लागला नसता. बाईंनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ वाकल्या. जत्रेच्या गर्दीतही आईला आपलं पोर दिसतं, तशी त्यांना ती जोडी दिसली. पाण्याच्या दोन मोठ्या रेघांच्या आडून डोकं वर काढून उभी होती. थोडीथोडकी नव्हती. डॉक्टरांच्या जुन्या रुग्णांच्या रांगेत सहज खपून गेली असती.

"पिशवी खराब असेल," धाकट्या बाई म्हणाल्या.

"असेल."

"किंवा चूळ नीट भरली नसेल त्यांनी."

"असेल."

पण दोघींनाही कळलं होतं. रुग्ण कुठेच उतरले नव्हते. ते जिथे होते तिथेच होते. चढत होतं ते शून्य, रोज थोडंथोडं, आणि या दोघी ते रोज अगदी प्रामाणिकपणे सगळ्यांतून वजा करत होत्या.

खोटं कशाला बोला, मोठ्या बाईंना पहिली भीती वाटली ती कामाची. समिती, डॉक्टर, आपल्या नावाची पद्धत, आजवर लिहिलेलं सगळं. ती भीती पुरती बसायच्या आत दुसरी आली आणि तिने पहिलीला कुठल्या कुठे ढकलून दिलं. लोखंडाची चव. वहाणा घट्ट झाल्यात म्हणून परवा केलेली कुरकुर. रात्रभर दंड खाजवत कूस बदलणं, आणि त्यावर आपण म्हणालो होतो, निवृत्त माणसाला काही ना काही सुचतंच. जगात कुठे नसेल इतकं बारीक यंत्र घेऊन आपण बसलोय, आणि त्याच्यापुढे हा माणूस रोज सकाळी येऊन श्वास टाकून गेला.

"तुम्ही घरी जा, बाई," धाकट्या बाई म्हणाल्या. "मी बंद करते सगळं."

बाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "तुझं काय होणार गं आता?"

"माझं बघू नंतर. तुम्ही जा."

घरी शून्यसाहेब खुर्चीत पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाचत होते.

"आज लवकर? उजाडलं म्हणायचं कुठेतरी!"

बाईंनी पर्स ठेवली नाही. त्या तशाच त्यांच्यापुढे खाली बसल्या आणि मोज्याच्या वर, नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"काय करतेस? पिकलोय का बघतेस?"

"कधीपासून सूज आहे?"

"असते संध्याकाळची. वय झालं. उठ, चहा टाकतो."

"नको चहा. आणि ऐका, उद्यापासून तुम्ही प्रयोगशाळेत यायचं नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

"का?"

"नको म्हणते ना."

"दुसरं कुणी मिळालं?"

"अहो, तसं नाही."

"म्हणजे काढलंस मला." ते हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "सांग की सरळ. आज अर्धी पिशवी दुसऱ्या श्वासात भरली ती तुला दिसली वाटतं. आजच झालं तसं. दम लागला. एका दिवसावरून माणूस काढायचा?"

बाईंना बोलायचं होतं, पण नेमकं कुठून सुरू करावं तेच कळेना. रेघ खाली गेली म्हणून सांगायचं, की वर होती म्हणून? त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. शून्यसाहेबांना वाटलं ही समजूत काढतेय, आणि ते आणखीच चिडले.

"माझं काय चुकलं ते तरी कळू दे. सगळं पाळलं मी. रात्रीचं जेवण झालं की पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही. पुतणीच्या लग्नात पंगतीतून उठलो. सगळे हसले मला. सर्दी झाली तरी काढ्याचा घोट घेतला नाही. रक्तदाबाची ती गोळी, एक दिवस नाही घेतली. विचार कुणालाही. एक दिवस नाही."

"कसली गोळी?"

त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उलगडलं. बोलण्याच्या भरात आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"अहो, कसली गोळी?"

"निवृत्तीच्या वेळी तपासणी झाली ना खात्याची. तेव्हा लिहून दिली होती. रक्तदाब फार आहे म्हणाले, रोज घ्या, चुकवू नका. त्याच आठवड्यात तू पिशवी दिलीस हातात. म्हणालीस, शून्य असतं त्याला कसलंच औषध चालत नाही, श्वासात उतरतं. मग ठेवून दिली. मला कुठे काय होत होतं? ठणठणीत होतो की."

"तपासणी चांगली आली म्हणाला होतात मला."

"म्हणालो होतो."

"सांगितलं का नाहीत?"

शून्यसाहेबांनी बाईंकडे बघितलं. राग निवला होता. चेहऱ्यावर फक्त ओशाळेपण होतं, परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या शहाण्या मुलासारखं.

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस मला?"

बाई उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. घेतलं असतं का? नसतं घेतलं. गोळी घेऊन हा माणूस घरी डबे लावत बसला असता, चिडचिड करत, आपल्याला नको नको करून सोडत. तब्येतीने चांगला राहिला असता. त्यांनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले, मग पर्समधून फोन काढला.

"बोला बाई," डॉक्टर म्हणाले. "सकाळचं मनावर घेऊ नका हं. मीही जरा तोडूनच बोललो."

"डॉक्टर, तुमचं रक्त बरोबर आहे. तुमचे रुग्ण सुधारलेले नाहीत. श्वासाचे आकडे खोटे आहेत, सगळे. समितीला मी आजच कळवते. तुम्ही त्या आकड्यांवर कुणाचं औषध बदललं असेल तर आधी ते बघा."

"अहो, एवढं टोकाला जाऊ नका. यंत्रात काही बिघाड असेल तर..."

"यंत्रात काही बिघाड नाही. आणि उद्या सकाळी एकाला तुमच्याकडे घेऊन येते. नवीन रुग्ण."

"या ना. कोण आहेत?"

"माझे मिस्टर."

डॉक्टरांचा आवाज बदलला. धंद्यातला, मऊ, रोजचा झाला. त्यांनी वय विचारलं. सूज विचारली, भूक विचारली, झोप विचारली. बाई एकेक उत्तर देत गेल्या. शून्यसाहेब उठून दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले होते. हात मागे बांधून, साहेबापुढे उभं राहावं तसे, आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय ते ऐकत.

"आणि औषधं काय काय चालू आहेत त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

शून्यसाहेबांनी मान हलवली. बरोबर आहे, काही नाही. त्यांची पाठ थोडी ताठ झाली.

"काहीच नाही? या वयात?" डॉक्टर म्हणाले. "नशीबवान आहेत."

"नशीब नाही हो, डॉक्टर," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझी अट होती ती."